बोळातलं दार

परत पानं गळायला लागली. ह्या गावात पानगळ येते ती माझ्या गुडघ्यांना आधी कळते, झाडांना मागून. ॲन आर्बरला येऊन सात वर्षं झाली, तरी ह्या ऋतूची मला सवय झालेली नाही. झाड एवढं लालभडक होतं की वाटतं फुललं, आणि आठ दिवसांत पाहावं तर उघडंबोडकं उभं. लोक गाड्या काढून हे बघायला लांब लांब जातात. मी खिडकीतून बघतो. थकलो आता. बघायचासुद्धा थकवा येतो, हे म्हातारं झाल्याशिवाय कळत नाही.

गिरजा होती तेव्हा ही पानं तिच्या तपासणीतून जायची. गिरजा म्हणजे माझी बायको. कामठीला तिनं तीस वर्षं बिड्या वळल्या. रस्त्यावरचं मेपलचं पान ती उचलायची, अंगठ्यानं शीर दाबून बघायची आणि म्हणायची, "दिसाले गोजिरं आहे, पण कामाचं नाही. वळतानी फाटते." मग टाकून द्यायची. सगळ्या अमेरिकेतली पानं तिनं अशी एकेक करून नापास केली. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता पानं नुसती पडतात.

ह्या वर्षीची पानगळ जास्त जड जाते आहे, त्याला कारण आहे. शनिवारी लिनचे वडील येणार आहेत. लिन हा माझ्या मुलाच्या, आनंदच्या, लॅबमधला चिनी मित्र. त्याचे वडील पहिल्यांदाच अमेरिकेला येताहेत आणि हिवाळाभर मुलाकडे राहणार आहेत. आनंद म्हणाला, "बाबा, पहिलं जेवण आपल्याकडे ठेवलंय. लिन म्हणाला, त्याचे वडील तुमची फार आठवण काढतात. तुमच्या पायाची चौकशी करतात."

मी हो म्हटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. माझ्या पायाची चौकशी! त्या माणसाशी मी एकदा खोटं बोललो आहे. खोटं मी बोललो आणि ओझं त्यानं वाहिलं, दिवसभर, अख्ख्या गावातून. हे आनंदला माहीत नाही, लिनला माहीत नाही. गिरजाला माहीत होतं.

तीन पानगळींमागची गोष्ट. नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. आनंदची चीनमध्ये, नानजिंगला, कॉन्फरन्स होती. म्हणाला, आईबाबा, तुम्हीपण चला, पुढे तिकडूनच नागपूरला जाऊन या. मला जायचं नव्हतं. गिरजाला जायचं होतं. बुद्धाचा धम्म आपल्या देशातून निघून गेला तो तिकडे जाऊन राहिला, असं तिनं कुठल्यातरी भाषणात ऐकलं होतं. तिला बघायचं होतं तो कसा राहतो ते. जसं एखाद्या बाईला परगावी दिलेल्या लेकीचं घर बघायचं असतं.

आनंद तिथं तीन दिवस मीटिंगांत अडकलेला. लिन तेव्हा रजेवर घरी गेला होता. त्याचं गाव यांगचौ, नानजिंगहून बसनं दोन-अडीच तास. तो म्हणाला, अंकल-आंटीला मी एक दिवस माझं गाव दाखवतो. आणि तो दिवस नेमका आमच्या दीक्षेचा निघाला, दसऱ्याचा. गिरजानं पांढरी साडी नेसली होती. वरून आनंदचं निळं जाकीट, पायात मोजे आणि वहाणा. बसमधल्या चिनी बाया तिच्याकडे टक लावून बघत होत्या. ती त्यांच्याकडे बघून हसत होती. तिला कुठं परकं वाटायचंच नाही. मला सगळीकडे वाटायचं.

त्या गावाला वास होता. बसमधून उतरलो आणि आला. बारीक पिवळी फुलं असतात, पानाआड लपलेली. दिसत नाहीत, पण सगळा रस्ता घमघमतो. पिकलेल्या जर्दाळूसारखा गोड वास. लिन म्हणाला, हे फूल ह्याच महिन्यात फुलतं, आम्ही चहात घालतो. दरवर्षी पानगळीला लिन त्या फुलांच्या चहाचा डबा आणून देतो, त्याच्या वडिलांनी पाठवलेला. डबा उघडला की मी परत त्या दगडावर जाऊन बसतो.

दगडाचं सांगतो. पण त्याच्याआधी दाराचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही मला नुसता हेकट म्हणाल. हेकट मी आहेच.

मी गवंडी. चौथीपर्यंत शाळा, ती पण वर्गाच्या बाहेर बसून. हातात ओळंबा आला तेव्हा कुठं वाटलं, की आता कोणी आपल्याला वाकडं म्हणू शकत नाही. दोरी सरळ की भिंत सरळ, त्यात जात कोण बघतो. दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. नागपूरला एका वकिलाचा बंगला मी जोत्यापासून वर चढवला. पुढच्या दाराची कमान माझ्या हातची. वास्तूच्या दिवशी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी धुतलेला सदरा घातला, गिरजाला घेतलं. तिला तेव्हा सहावा महिना होता. कमानीखाली पोचलो तर वकिलाचा भाऊ पुढे आला. गोड बोलला अगदी. "मिस्त्री, तुम्ही मागून या. तुमची पानं मागच्या अंगणात मांडली आहेत."

माझीच कमान. मी वर बघितलं, कळीचा दगड बरोबर बसला होता. मागं फिरलो. गिरजापण फिरली. उपाशी होती. घरी येईस्तोवर तिच्या पायाला गोळे आले. त्या दिवशी मी ठरवलं, कोणाच्याही घरी मागच्या दारानं पाय ठेवणार नाही. पुढचं दार उघडलं तर आत, नाहीतर रस्ता मोकळा. हा नेम मी चाळीस वर्षं पाळला. मुलाच्या घरीसुद्धा पाळतो. इथं सगळे गॅरेजमधून आत येतात. माझी नात मैत्री म्हणते, "आजोबा, नोबडी यूजेस द फ्रंट डोअर!" मी यूज करतो. बर्फ पडला की पुढच्या पायऱ्या मी स्वतः फावड्यानं मोकळ्या करतो, माझ्या एकट्यासाठी.

तर यांगचौ. लिनचे वडील बस स्टँडवर आले होते. माझ्याच वयाचे. कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाकी होते, तेव्हा रिटायर झालेले. अंगात निळा कोट, हातात काचेची बरणी, तिला लोकरीचं विणलेलं झबलं घातलेलं, आत चहा. भाषा एक नाही. मी "जय भीम" म्हटलं आणि हात जोडले. त्यांनीपण बरणी काखेत धरून हात जोडले. बापलेक आम्हाला पहिल्यांदा एक जुना वाडा बघायला घेऊन गेले. लिन म्हणाला, मिठाच्या व्यापाऱ्याचा आहे. त्या काळी मिठावर ह्या गावात लोक राजासारखे राहायचे. आता अर्ध्यात बिऱ्हाडं होती, अर्धा बघायला खुला.

दार बघून मी उभाच राहिलो. काळ्या रंगाचं, उंचच उंच. वर विटेत कोरलेलं काम, हरणं आणि पानं आणि काय काय, लाकडात कोरावं तसं. खाली गुडघ्याएवढा उंबरा. गोऱ्या टुरिस्टांचा एक घोळका हसत-खिदळत तो उंबरा ओलांडून आत चालला होता. लिन तिकिटं काढायला खिडकीकडे गेला. आणि तेवढ्यात लिनच्या वडिलांनी माझा दंड धरला, हसले, आणि मान हलवून आम्हाला बाजूला नेलं. वाड्याच्या कडेनं बोळ गेला होता, दोन माणसं शेजारी चालणार नाहीत एवढा अरुंद. पुढे भिंतीत एक खुजं दार. त्यांनी ते ढकललं आणि खूण केली, या.

माझ्या कानशिलात वाजलं. गोऱ्यांना पुढचं दार, आणि आम्हाला पाहून हे काढलं. चाळीस वर्षं आणि अर्धी पृथ्वी मधे, आणि मी परत त्या कमानीखाली उभा.

गिरजा म्हणाली, "चला नं जी."

"मी नाही येत."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? दार दिसत नाही तुले? नोकराचं दार आहे ते."

"असंन. बिचारा एवढ्या मायेनं बोलावून राहिला."

"तू जा. मी बसतो."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. वकिलाच्या दारातून ती माझ्याबरोबर फिरली होती. ह्या वेळी नाही फिरली. पदर खोचला, वाकली, आणि त्या म्हाताऱ्याच्या मागं दारातून आत गेली. मी बोळाच्या तोंडाशी येऊन एका दगडावर बसलो. लिन तिकिटं घेऊन आला, इकडेतिकडे बघितलं. "अंकल, व्हॉट हॅपन्ड? लेग पेन?"

इंग्रजी माझं यस-नोपुरतं. आणि अपमानाला त्या इंग्रजीत शब्द नव्हता. मी म्हटलं, "यस. लेग पेन."

तो दगड मला अजून आठवतो, गार होता. पाऊण तास बसलो. त्या वाड्यातली दालनं मी बघितली नाहीत, बाग बघितली नाही. बघितली ती बाहेरची भिंत, आणि ती मात्र अशी बघितली की आजही डोळे मिटून बांधून देईन. राखाडी विटा, पातळ. एकेक वीट दगडावर घासून बसवलेली, दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, इतक्या बारीक की नखसुद्धा शिरणार नाही. लिन माझ्याशेजारी उकिडवा बसून सांगत होता, चुन्यात भाताची चिकट पेज घालायचे म्हणून. आम्ही गूळ घालायचो, बेलफळ घालायचो. मला ते त्याला सांगायचं होतं. पण मी रागात होतो, आणि रागात माणूस चांगल्या भिंतीचं कौतुकसुद्धा करत नाही. ओळंब्यात होती पट्ठी. दीडशे वर्षांची असेल, सूतभर हलली नव्हती.

ती दोघं बाहेर आली. गिरजाचे डोळे ओले वाटले, मी विचारलं नाही. लिननं वडिलांना माझ्या पायाचं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला. परत त्या दारातून धावत आत गेले आणि तिथल्या कुठल्याशा बिऱ्हाडातून एक बांबूचं बुटकं स्टूल मागून आणलं. माझ्यासाठी. आणि मग ते स्टूल त्यांनी दिवसभर हातातून सोडलं नाही. तळ्यावर गेलो, लांबट तळं, नदीसारखं, काठानं वाकलेली झाडं, पाच छपरांचा पूल. दर शंभर पावलांवर म्हातारा थांबायचा, स्टूल मांडायचा, हातानं पुसायचा आणि मला बसवायचा. माझे पाय तेव्हा ठणठणीत होते. गुडघ्यांनी दगा दिला तो नंतर. मी बसायचो. न बसून काय करतो? खोटं निभवावं लागतं.

मग टेकडीवरचा विहार. चढ मोठा, पायऱ्या पुष्कळ. तिथंसुद्धा स्टूल. आत शिरल्या-शिरल्या समोर ढेरपोट्या, हसरा, उघड्या पोटाचा बुद्ध. मी म्हटलं, "हा काय प्रकार?" गिरजा म्हणाली, "तुमच्या मोठ्या भावावाणी दिसतो. जेवून उठल्यावर." त्या दिवसात मी तेवढा एकदाच हसलो. पुढच्या दालनात मोठी सोन्याची मूर्ती. लोक उदबत्त्या घेऊन गुडघ्यावर, डोकं टेकून काय काय मागत होते. मला राहवेना. "हे तं नवस करून राहिले. बुद्धाले नवस?"

"राहू द्या जी," ती म्हणाली. "त्यांचं घर आहे. आपण पाहुणे."

आम्ही दोघांनी हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. लिनचे वडील मागं टोपी काढून उभे होते, दुसऱ्या हातात माझं स्टूल.

बसमध्ये परत येताना ती एवढंच म्हणाली, "तुम्ही आत याले पाहिजे होतं." वाद घालायला दोघं लागतात, आणि तिनं तो विषय पुढे काढलाच नाही. महिनाभर नागपूर झालं, परत ॲन आर्बरला आलो, बर्फ पडला.

इथं मागच्या अंगणात तिनं उन्हाळ्यात मेथी-कोथिंबिरीचा वाफा केलेला होता. स्वयंपाकघराचं दार तिकडे उघडतं. ते तिचं दार. चिखलाचे हात घेऊन यायची, एक पायरी चढताना गुडघा वाजायचा, म्हणून चौकटीला हात टेकायची. रोजचा तोच हात, तीच जागा. तिथं रंगावर तळव्याएवढा मातकट डाग पडला. सुनेनं, स्मितानं, विचारलं होतं, "बाबा, पेंट करून घेऊ का?" मी म्हटलं, मी गवंडी जिवंत आहे तोवर त्या चौकटीला कोणी हात लावायचा नाही.

त्या हिवाळ्यात एकदा मी पुढच्या पायऱ्या उकरून घामाघूम झालो, दम लागला. गिरजा मागच्या दारात उभी राहून ओरडली, "अवो, इकडून या नं! कोण बघून राहिलं?" मी नाही म्हटलं. पुढूनच आलो, सोफ्यावर पडलो. तिनं पाणी दिलं आणि तेव्हा सांगितलं.

"त्या दिवशी त्या माणसानं आपल्याले त्याच्या मायचं दार दाखवलं. आन् तुम्ही दगडावर बसून राहिले."

मला कळेना. ती म्हणाली, आत गेल्यावर बोळ लांबच लांब होता, सगळ्या दालनांच्या मागून जाणारा. नोकरमाणसांनी मालकांच्या समोरून जायचं नाही म्हणून केलेला. लिनचे वडील त्यात थांबले. खांद्यावर आडवी काठी घेतल्यासारखं केलं, दोन्हीकडे बादल्या. मग कमरेएवढ्या उंचीवर हात धरला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, म्हणजे मी एवढा होतो. मग भिंतीची एक जागा दाखवली. विटा हात घासून घासून गुळगुळीत झालेल्या, चकाकणाऱ्या. ओझं घेऊन वळताना बाया तिथं हात टेकायच्या. त्यांनी आपला तळहात तिथं ठेवला आणि डोळे मिटले.

"तुले काय माहीत माय होती म्हणून? भाषा तं येत नाही तुले."

"मायची खूण कराले भाषा लागते का जी?" ती म्हणाली. "मी पण हात ठेवला तिथं. गार होती वीट."

पुढचं दार काय, तिकीट काढलं की कोणालाही उघडं होतं. त्या माणसाला आम्हाला ते दाखवायचं नव्हतं. जे कोणाला दाखवलं नसेल ते दाखवायला त्यानं माझा दंड धरला होता, आणि मी त्यात वकिलाचा भाऊ बघितला. ह्यात माझी चूक किती आणि त्या भावाची किती, हे वाटून घ्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. वाटणी होत नाही. तो कधीच मेला असेल. स्टूल तर मीच वाहायला लावलं.

गिरजाला मी म्हणायचो, पत्र लिहू. लिनकडून चिनीत लिहून घेऊ. ती म्हणायची, लिहा. मी लिहिलं नाही. पुढच्या वर्षी ती आजारी पडली, त्याच्या पुढच्या वसंतात गेली. तिला घेऊन गेले तेसुद्धा पुढच्या दारानं. मीच सांगितलं होतं. नंतर वाटलं, तिला कोणी विचारलं? मागच्या दाराशी तिच्या रबरी स्लिपर आणि खुरपं होतं तसंच आहे. त्या दारानं मी आजवर एकदाही आलेलो नाही, ती असताना नाही आणि नसतानाही नाही.

शनिवार आला. सकाळपासून पानं पडत होती, वर बारीक पाऊस. स्मितानं पुलाव केला, मी ओटा पुसला, उगाच दोनदा पुसला. लिनची गाडी लागली. वडील उतरले. वाळले आहेत. कोट तोच निळा वाटला, बरणी तीच. पायऱ्यांपाशी त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नाही, गुडघ्यांकडे बघितलं, आणि लिनला काही म्हणाले.

"अंकल, ही इज आस्किंग, हाऊ इज युवर लेग?"

आनंद दार उघडं धरून उभा होता. आत मैत्री वाकून बघत होती. मी म्हटलं, "लिन, टेल हिम. दॅट डे, नो लेग पेन. आय वॉज अँग्री. स्मॉल डोअर, आय वॉज अँग्री. आय टोल्ड लाय."

आनंद म्हणाला, "बाबा, काय बोलताय?"

"तू गप. लिन, सांग रे त्यांना."

लिननं सांगितलं. थोडक्यात नाही सांगितलं, बराच वेळ सांगत होता. म्हातारा ऐकत होता, पाऊस टोपीवर पडत होता. मग त्यांनी काहीतरी विचारलं. लिन म्हणाला, "ही आस्क्स, व्हेअर इज आंटीज..." आणि त्याला पुढे शब्द सापडेना. जागा, म्हणायचं असेल त्याला. ती कुठं बसायची, कुठं असायची.

मी त्यांचा दंड धरला. "कम. धिस साइड."

"अंकल, फ्रंट डोअर इज ओपन," लिन म्हणाला.

"माहीत आहे," मी मराठीतच म्हटलं.

ओल्या पानांवरून, घराच्या कडेनं, आम्ही दोघं हळूहळू मागं गेलो. घसरू नये म्हणून एकमेकांना धरून. वाफा उजाड होता. मी वाकून मेथी खुडल्यासारखं केलं. स्लिपरांकडे बोट दाखवलं. मग चौकटीवरच्या डागाकडे. ह्याहून जास्त खुणा मला येत नाहीत, आणि त्यांना लागल्या नाहीत. त्यांनी बरणी खाली ठेवली, हात कोटाला पुसला आणि तळवा बरोबर त्या डागावर ठेवला. मी पण वर थोडी जागा होती तिथं ठेवला. लाकूड ओलं होतं.

मी त्यांना आधी आत जायची खूण केली. पाहुणे ते. त्यांनी मान हलवली, मागं सरकले, आणि हात पुढे करून मला जा म्हणाले.

एकच पायरी होती. गुडघा वाजला. मी आत गेलो.